तापाहच्या घाटातला तिसरा गिअर

बुनतोंग, इपोह
१८ सप्टेंबर १९९४

मुगुंदन,

अम्मा म्हणते, सरकारी कचेरीत सह्या झाल्या, आता नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही. पण पत्राच्या डोक्यावर नुसतं ‘अहो’ लिहिलं तर तुमच्या भंगाराच्या यार्डातले सगळेच ते आपलं म्हणून उघडतील. म्हणून नाव लिहिलंय आणि अम्माला दाखवलेलं नाही. मंगळसूत्र जानेवारीत पोंगल झाल्यावर बांधायचं आहे. तोवर तू माझा नुसता आत्याचा मुलगा.

अप्पांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आता त्या डोळ्याने त्यांना समोरच्या डोंगरावरचं देऊळ दिसतं, हातातला स्क्रू मात्र दिसत नाही. डावा डोळा डिसेंबरात. तोवर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शिंकायचं नाही. शिंक आली तर काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. अप्पा हिरवी पट्टी लावून वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची दुखणी आवाजावरून सांगतात. वर्कशॉप बंद ठेवू म्हटलं तर ऐकत नाहीत. पावत्या मी आधीपासून फाडत होतेच, आता जॅकही मीच लावते.

एक गाडी आली आहे, तिच्यासाठी हे पत्र. लाल, दोन दारांची, जपानी, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी पडायचं. ऑटो गिअर. मालक सत्यसीलन, दातांचे डॉक्टर, बाजारात दवाखाना आहे. सपाटीला गाडी लोण्यासारखी जाते. तापाहचा घाट चढायला लागली की अर्ध्या वाटेत दुसऱ्या गिअरमध्येच अडकते. इंजिन ओरडतं, पण तिसरा पडत नाही. बाजूला घेऊन चहा पिऊन आलं की काही झालंच नाही अशी निघते. दुसऱ्या वर्कशॉपात त्यांना सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला.

अप्पा म्हणाले, “मुगुंदनला लिही. लग्नानंतर ते टेबल त्याचंच आहे. डोकं चालवू दे.”

टेबल म्हणजे कोणतं ते तुला सांगायला नको.

पुनिता


जोहोर
२५ सप्टेंबर १९९४

पुनिता,

पत्र पोचलं. मामांनी डोळ्याला हात लावू नये, आणि मामींनी त्यांच्या उशाशी लाल मिरच्या कांडू नयेत, म्हणजे शिंक येणार नाही.

‘ते टेबल त्याचंच आहे’ हे मामांचे शब्द आहेत की तू तुझ्या शब्दांत लिहिलेस, ते कळव. मी सात वर्षं त्या खिडकीखालच्या पत्र्याच्या टेबलाशेजारी दिवा धरून उभा राहिलो. बॉक्स उतरवणं, तेलाचा पॅन खोलणं, गॅसकेट बसवणं हे सगळं माझ्याकडे होतं. पण आतली व्हॉल्व्ह बॉडी, जिला मामा ‘मेंदू’ म्हणतात, ती त्या टेबलावर ठेवली की ते मला म्हणायचे, “जरा मागे सर, सावली पडते.” त्यांनी मला इथे पाठवलं तेव्हाही हेच सांगितलं होतं की चांगला बॉक्स आणि वाईट बॉक्स ओळखायला शीक, मग टेबल. म्हणून विचारतो.

इथलं काम तेच आहे. जपानहून गाड्या येतात त्या मधोमध कापलेल्याच. पुढचे अर्धे भाग एकावर एक रचतात. मी प्रत्येकाच्या गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेऊन वास घेतो. जळक्या टोस्टचा वास आला तर खडूने फुली, नाही आला तर गोल.

आता गाडी. खालील गोष्टी बघून कळव. तेलाची काडी गाडी तापलेली आणि इंजिन चालू असताना काढायची. तेलाचा रंग काय, वास काय. समोरच्या काट्यांच्या पट्टीवर ‘ओडी’ असा लहान दिवा असतो, बिघाड झाला की तो लुकलुकतो. गाडी अडकते तेव्हा तो लुकलुकतो का. मागचा गिअर टाकल्यावर गाडी लगेच ओढते की थांबून.

एक प्रश्न गाडीचा नाही. घाटात इंजिन ‘ओरडतं’ असं तू लिहिलंस. ओरडतं हा ऐकणाऱ्याचा शब्द आहे. हे डॉक्टरांनी सांगितलं, की तू ऐकलंस?

मुगुंदन


बुनतोंग
२ ऑक्टोबर १९९४

मुगुंदन,

ऐकलं. अप्पाच म्हणाले, “शेजारी बस, काटे बघ आणि येऊन मला सांग.” डॉक्टर चालवत होते, मी काटे बघत होते. तिसऱ्या वळणापाशी इंजिनाचा काटा लाल पट्ट्याच्या तोंडाशी गेला आणि वेगाचा काटा तिथेच बसून राहिला. मग आम्ही धबधब्यापाशी थांबलो. तिथल्या टपरीवर मक्याची कणसं आणि चहा मिळतो. चहा होईस्तोवर गाडी शहाणी झाली.

तू विचारलं नाहीस, पण पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून आधीच सांगते. त्यांना अत्तराचा वास येत नाही, लवंगेच्या तेलाचा येतो. दातांच्या सगळ्याच डॉक्टरांना येत असावा. वय तुझ्याएवढंच असेल. उंचीही. केस तुझ्यापेक्षा बरे कापलेले आहेत.

तेल लाल आहे, सरबतासारखं. जळका वास अजिबात नाही. दिवा लुकलुकत नाही, मी डोळे लावून बसले होते. मागचा गिअर लगेच ओढतो.

टेबलाबद्दलचे शब्द अप्पांचेच. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, “त्याला सांग, वकिलासारखी पत्रं लिहू नकोस.”

तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. काही ओळी गाळते. गाळताना मला खोकला येतो, म्हणून अप्पांना कळतं.

पुनिता


जोहोर
९ ऑक्टोबर १९९४

पुनिता,

काटे नीट पाहिलेस. कणसाचं लिहायची गरज नव्हती.

मी विचार केला. दिवा लुकलुकत नाही, म्हणजे विजेचा भाग ठीक आहे. मग उरतात क्लच प्लेटी. तिसऱ्या गिअरच्या प्लेटी झिजल्या की गरम तेलात त्यांची पकड सुटते आणि गार झाल्यावर परत येते. तेल लाल आहे याचा अर्थ कुणीतरी गाडी विकायच्या आधी ते बदललं असणार. माझं मत असं की बॉक्सच बदलावा. इथे त्याच गाडीचे दोन अर्धे आले आहेत, दोन्हींवर मी गोल काढला आहे. मी एक निवडून लॉरीने पाठवतो. आठवड्याभरात काम संपेल.

घाटात पुन्हा जाऊ नये. गाडीवर ताण येतो. ज्या काही तपासण्या करायच्या त्या अंगणात उभ्या गाडीवर कराव्यात. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, ब्रेक दाबून धरावा, गिअर टाकावा आणि इंजिनाचा काटा कुठवर चढतो ते पाहावं. त्याला फक्त एक माणूस लागतो. शेजारी कुणी बसावं लागत नाही.

डॉक्टरांनी गाडी तुमच्याकडे सोडून टॅक्सीने जावं. त्यांच्या दवाखान्यात रोगी वाट पाहत असतील.

तुझ्या पत्रात त्यांच्या केसांबद्दल एक वाक्य आहे. ते तू मामांना वाचून दाखवलंस का?

दिवाळीला मी येणार होतो, पण गाड्यांचा कंटेनर लागणार आहे आणि मालक रजा देत नाही. मामींना सांग, माझ्या वाटणीचं कुरकुरीत मुरुक्कू डब्यात बंद करून ठेवा. घरी दिवाळीला सगळं गाव येतं, ते मला माहीत आहे. सगळं गाव म्हणजे कोण कोण, ते कळव.

मुगुंदन


बुनतोंग
६ नोव्हेंबर १९९४

मुगुंदन,

सगळं गाव म्हणजे सगळं गाव. समोरचे चिनी आजोबा आले, पोलीस चौकीतले हवालदार बायको-मुलांसह आले, तुझी शाळेतली मास्तरीण आली आणि डॉक्टर सत्यसीलनही आले. त्यांनी केळ्याच्या पानावर तीनदा भात घेतला. अम्मा म्हणाली, “पोराला घरचं मिळत नाही वाटतं.” तुझं मुरुक्कू मी डब्यात ठेवलं होतं. त्यातलं थोडं त्यांना दिलं, कारण ताटातलं संपलं होतं. हे तुला कुणीतरी सांगितलंच असतं.

महिनाभर लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. आता कशाचा ते लिहिते.

तुझं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. संपल्यावर म्हणाले, “पुन्हा वाच. दिव्याचं वाच.” मी वाचलं. मग म्हणाले, “किल्ली फिरवल्यावर तो दिवा एकदा तरी पेटतो का, हे विचारलं का त्याने?”

मी जाऊन किल्ली फिरवली. सगळे दिवे पेटले आणि विझले. तो एकटा पेटलाच नाही. पट्टी काढली तर आत बल्बच नव्हता. आधी कुणी विकली असेल, त्याने गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून काढलेला. आपण सगळे त्या मेलेल्या दिव्याकडे बघून विजेचा भाग ठीक आहे म्हणत होतो. मी पण. ती चूक तुझ्या एकट्याची नाही.

पण पुढचं ऐक. अप्पा म्हणाले, “प्लेटी शाबूत आहेत की नाही ते कळायला एक साधी परीक्षा आहे. घाटात गाडी अडकली की तिथेच गिअरबॉक्सच्या विजेच्या वायरचा जोड सोडायचा आणि लिव्हर हाताने सरकवत चालवायची. वीज नसताना बॉक्स निव्वळ तेलाच्या दाबावर चालतो. अशा वेळी लिव्हर दोनवर टाकली की थेट तिसरा पडायला हवा. पडला तर प्लेटी चांगल्या. हे मी मुगुंदनला एका मळ्याच्या जीपवर करून दाखवलंय. त्याने ते लिहिलं कसं नाही?”

 मला माहीत होतं कसं ते. ती परीक्षा घाटात करावी लागते, अंगणात होत नाही. आणि तिला दोन माणसं लागतात.

कदाचित चांगला असलेला गिअरबॉक्स काढून दुसरा घालायला निघाला होतास तू, मुगुंदन. अप्पांच्या वर्कशॉपच्या नावावर.

बॉक्स पाठवू नकोस.

पुनिता


जोहोर
१० नोव्हेंबर १९९४

पुनिता,

बल्बचा प्रश्न मी विचारायला हवा होता. ती माझी चूक.

जीपवरची परीक्षा मला आठवते. मी ती का लिहिली नाही याचं उत्तर तुझ्याकडे आहेच, मग मी ते पुन्हा लिहून काय होणार. तुझ्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, याचाही एकदा विचार कर. मी इथे लोखंडाच्या ढिगात बसतो. तिकडे एक माणूस आमच्या घरी केळ्याच्या पानावर तीनदा भात घेतो.

हा माणूस नेहमी तापाहच्याच घाटात का जातो? इपोहमध्ये दात दुखणारे कमी पडले का?

बॉक्स पाठवत नाही.

मुगुंदन


बुनतोंग
२० नोव्हेंबर १९९४

मुगुंदन,

चहाचा कप घेऊन बस. हे लांबणार आहे.

गेल्या रविवारी आम्ही घाटात गेलो. गाडी मी चालवली. वर्कशॉपची व्हॅन चालवणारीला ही गाडी म्हणजे खेळणं आहे, फक्त रस्ता फार जवळून दिसतो. अप्पा माझ्या शेजारी, पट्टी काढून आणि डोळे मिटून. मागच्या सीटवर अम्मा आणि डॉक्टर. मागची सीट म्हणजे दप्तर ठेवायची जागा. डॉक्टरांचे गुडघे हनुवटीला लागले होते. अम्मा लिंबूभाताचा डबा घेऊन बसलेली. ती मला म्हणाली, “तुमच्या परीक्षेला दोन माणसं लागतात ना? चार असली तर जावयाला चालेल.” म्हणजे तुझ्या पत्रातल्या मी गाळलेल्या ओळीही तिला ठाऊक आहेत. बहुतेक माझ्या उशीखालून.

पाचव्या वळणापर्यंत डॉक्टर पांढरे पडले. अम्माने डब्याच्या पिशवीतलं लिंबू काढून त्यांच्या नाकाशी धरलं. ते म्हणाले, “मी दर आठवड्याला इथून जातो, मला कधी गाडी लागत नाही.” अम्मा म्हणाली, “तेव्हा तुम्ही चालवता. आता बाई चालवतेय.”

मग गाडी अडकली. अप्पा डोळे न उघडता म्हणाले, “थांबव. चहा नको, तापलेलीच राहू दे.” वायरचा जोड मी आधीच वर ओढून ठेवला होता. बोनेट उघडून सोडला. लिव्हर खाली पहिल्या गिअरच्या ‘एल’वर ठेवून निघाले. वेग आल्यावर दोनवर सरकवली आणि तिसरा असा बसला की मागून कुणी खांद्याला धरून ढकलावं. घाटावरच्या रिंगलेट गावापर्यंत अशीच हाताने नेली. अप्पांनी डोळे उघडले. म्हणाले, “प्लेटी शाबूत. वायर, नाहीतर आतली झडप.”

डॉक्टरांनी मागून विचारलं, “म्हणजे माझा बॉक्स वाचला?”

अप्पा म्हणाले, “एक दात दुखतो म्हणून तुम्ही जबडा काढता का?”

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला.

सोमवारी दवाखाना आटोपून डॉक्टर आले आणि आम्ही पॅन खोलला. आत दोन सोलेनॉइड आहेत, बोटाएवढी, विजेवर उघडझाप करणारी. मीटर लावला तर दोन्ही चांगली. अप्पा म्हणाले, “गार असताना सगळेच चांगले असतात.” मग अम्माच्या रसमच्या भांड्यात पाणी उकळलं आणि दोन्ही तारेने टांगून आत सोडली. थोड्या वेळाने एकाचा मीटरवरचा काटा खाली पडला आणि पडलेलाच राहिला. आत कुठेतरी तार तुटलेली. तापली की टोकं सुटतात, गार झाली की जुळतात. अम्माने ते भांडं परत घेतलं नाही. आता त्यात नट-बोल्ट भिजतात.

काम तिथे संपलं असतं. पण अप्पा म्हणाले, “झडप इतके दिवस अडकत होती, तर तिच्या मागचा व्हॉल्व्हही घासला असेल. मेंदू उतरवायला हवा.” त्यांना हातातलं दिसत नाही. मी दिवा घेतला आणि मागे सरले, तू सरायचास तशी. ते म्हणाले, “तिकडे काय करतेस? दिवा डॉक्टरांच्या हातात दे. उघड.”

डॉक्टरांनी दिवा धरला. त्यांनी दवाखान्यातून तोंडात बघायचा लहान आरसा आणि बारीक चिमटा आणला होता. त्याच चिमट्याने मी खाचांतल्या पोलादी गोळ्या एकेक करून उचलल्या आणि अम्माच्या इडलीच्या साच्यात ठेवल्या, ज्या खाचेतली त्या जागी. अप्पा शेजारी बसून विचारत होते: आता काय दिसतं, आता काय दिसतं. मी सांगत होते. एक व्हॉल्व्ह खरंच चिकट होता. पुसला, तेलात बुडवला, तो आपल्या वजनाने घसरला तेव्हा अप्पांनी आवाजावरूनच मान हलवली.

मुगुंदन, ते आतून फार सुंदर आहे. तुला कधी सांगितलं का त्यांनी?

सोलेनॉइड मात्र इथे मिळत नाही. तुझ्या त्या दोन अर्ध्या गाड्यांतलं एक पाठव.

आणि डॉक्टर दर शुक्रवारी रिंगलेटच्या पुढे ताना राताला जातात ते तिथल्या शाळेतल्या चिनी शिक्षिकेसाठी, मिस चानसाठी. दोघांच्या घरी माहीत नाही. रविवारी तिने आम्हाला चहा दिला आणि अम्माकडून लिंबूभाताची कृती लिहून घेतली. हे मी तुला आधीच सांगू शकले असते. तू सरळ विचारलं असतंस तर सांगितलंही असतं. तू मात्र सगळं गाव म्हणजे कोण कोण, ते विचारत राहिलास.

आता बरं वाटलं?

पुनिता


जोहोर
२७ नोव्हेंबर १९९४

पुनिता,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत एका कापलेल्या गाडीत बसून वाचलं. पुढे काच आणि चाक आहे, पाठीमागे काही नाही. मिस चानपाशी पोचलो तेव्हा मी थांबलो. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग कळलं की त्या ओळीपर्यंत पोचण्याआधीच डॉक्टर माझ्या मनातून गेले होते. ते दिवा धरून उभे होते ना, तिथेच. तो दिवा मी सात वर्षं धरला. मला त्यांच्या हातांचा राग आला नाही. मला त्या माणसाची कीव आली.

तुझा हेवा वाटला. हा शब्द लिहिताना मी दोनदा थांबलो, पण दुसरा सापडत नाही. माझ्या मामाच्या मुलीचा, माझ्या बायकोचा, जिने या गाडीपर्यंत कधी तेलाच्या वासाची पारख केली नाही, जी पावत्या फाडत होती. मामांना दिसत नाही म्हणून त्यांनी तुला उघडायला सांगितलं, हे मी स्वतःला समजावून पाहिलं. पण सात वर्षं त्यांना दिसत होतं आणि मीही तिथेच होतो. मी फार घाबरत काम करतो, असं ते एकदा मामींना म्हणाले होते. ते मी ऐकलं आहे. तू घाबरली नाहीस.

विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारतो. ‘उघड’ म्हणाले तेव्हा मामांचा आवाज कसा होता? गोळ्या सगळ्या एका मापाच्या होत्या का? व्हॉल्व्ह घसरतो तेव्हा नेमका कसा आवाज येतो? तू लिहिलंस ‘सुंदर आहे’, आणि पुढे काहीच लिहिलं नाहीस.

सोबत सोलेनॉइड आहे. एक्स्प्रेस बसच्या चालकाकडे दिलं आहे, थांब्यावर मामी नाहीतर तू ये, डॉक्टर आले तरी चालतील. पहिल्या गाडीतलं काढलं ते गार असताना मीटरवर उत्तम होतं. स्टोव्हवर उकळत्या पाण्यात टाकलं तर तुमच्याकडच्यासारखाच काटा पडला. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. गार करून पाठवलं असतं तर तुम्हाला ते बसवल्यावर, घाटात गेल्यावरच कळलं असतं, आणि मामा म्हणाले असते, पोरीने बसवताना काहीतरी चुकवलं. ते मी हातोड्याने चेपून भंगारात टाकलं. पाठवलं आहे ते दुसऱ्या गाडीतलं. दोनदा उकळलं, दोन्ही वेळा काटा हलला नाही.

रबरी कडी नवी घाल आणि तेलाचा हात लावून बसव. बोल्ट लहान आहेत, जोर लावलास तर आटे जातील. हे तुला मामा सांगतीलच. तरी मी लिहितो.

मुगुंदन


बुनतोंग
११ डिसेंबर १९९४

मुगुंदन,

बसवलं. घाटात तापवून, पुन्हा तापवून पाहिली. तिसरा दर वेळी पडतो. नवा बल्बही घातला. डॉक्टर गाडी घेऊन गेले, जाताना आरसा आणि चिमटा ठेवून गेले. अप्पांचा डावा डोळाही झाला, पण जवळचा चष्मा अजून यायचा आहे.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं नाही. एकही ओळ नाही. अम्माच्या हाती लागू नये म्हणून वर्कशॉपमध्ये ठेवलंय.

आवाज साधाच होता. “मीठ दे” म्हणतात तसा. गोळ्या एका मापाच्या नव्हत्या, एक किंचित मोठी होती आणि मी तिच्यावर जवळजवळ चुकले होते. घसरण्याचा आवाज येतच नाही. अप्पा उगाच मान हलवतात, असं मला वाटतं. आत कसं आहे ते मला लिहिता येत नाही. लिहून पाहिलं, पण जमलं नाही.

परवा हवालदारांची गाडी आली. तेच दुखणं नाही, पण मेंदूच उतरवावा लागेल. त्यांनी अप्पांना विचारलं, “कामासाठी पोरगी मोकळी आहे का?” अप्पांनी त्यांना गाडी अंगणात लावायला सांगितली. टेबलाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही. गाडी तिथे तशीच उभी आहे.

आणि छापखानावाला येऊन बसलाय. लग्नाच्या पत्रिकेत नावाखाली शिक्षण छापायचं असतं. तुझं शाळेच्या तिसऱ्या फॉर्मपर्यंत, माझं पाचव्या. दोन्ही छापण्यासारखं नाही. म्हणून अप्पांनी आपल्या वर्कशॉपचं नाव घालून तुझ्या नावाखाली ‘गिअरबॉक्स मेकॅनिक, रासैय्या वर्क्स’ सांगितलं. त्याने विचारलं, वधूच्या नावाखाली? अम्मा म्हणाली, मोकळं ठेवा. अप्पा त्यांच्या लांबचं बघायच्या डोळ्याने माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, मुगुंदनला विचारून सांगते.

खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसं लिहिलंस तर मला कळेल, आणि मग ते पन्नास वर्षं आपल्या घरात राहील.

पुनिता


जोहोर
१४ डिसेंबर १९९४

पुनिता,

‘गिअरबॉक्स मेकॅनिक, रासैय्या वर्क्स’ हे तुझ्या नावाखाली छापायला सांग. माझ्या नावाखालचं काढून टाक. मी अजून एकही मेंदू उघडलेला नाही. मामींना आवडणार नाही, माझी आई तर रडेल. त्यांना सांग, मुगुंदनने असंच लिहिलं आहे, आणि हे पत्र दाखव. यातली कोणतीही ओळ गाळू नकोस.

हे लिहिताना मला आनंद होतो आहे असं समजू नकोस. आधीचे चार कागद फाडले. त्यांतल्या एकावर मी तुझ्या नावाखाली मोकळीच जागा ठेवली होती.

हवालदारांची गाडी माझ्यासाठी उभी ठेवू नका. उघड. त्याच्या पुढची जी येईल, ती मात्र पोंगलपर्यंत थांबवता आली तर थांबव, आणि मी आल्यावर मला टेबलापाशी बोलव. दिवा धरायला नाही. तुझ्या शेजारी, जिथून आतलं दिसतं तिथे. मला तेव्हाही हेवा वाटणार आहे. तरी बोलव.

मुगुंदन